आकाशातून लाल दिसलेल्या बागा

सौंसरकडे सध्या संत्र्याच्या बागांना पाणी बंद आहे. पांढुर्ण्याहून बसने येताना दोन्ही बाजूंना झाडं दिसतात, आणि ज्याला माहीत नाही त्याला वाटावं की या गावांवर काही तरी कोसळलंय. पानं मलूल, हिरवेपणा धुऊन निघाल्यासारखा. बुंध्याभोवतीची आळी कोरडी ठणठणीत. शेजारच्या विहिरीत मात्र पाणी चांगलं वर आलेलं. असलेलं पाणी द्यायचं नाही, झाडाला तहान लागू द्यायची, ती पुरेशी लागली असं वाटलं की एक दिवस पाणी सोडायचं. मग झाड फांदी-फांदीला फुलतं. आंबिया बहार असा धरतात. या तहानेला आमच्याकडे ताण म्हणतात.

परवा बसमध्ये माझ्या शेजारी जामसांवलीच्या हनुमानाला निघालेली एक बाई होती, बहुतेक भोपाळकडची. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "यहाँ बारिश नहीं हुई क्या?"

"हुई ना. अच्छी हुई."

"फिर पेड़ ऐसे क्यों हैं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला हे समजावून सांगायची एकदा पाळी आली होती, दोन देशांना, आणि त्यातून अजून मी नीट बाहेर आलेली नाही. "उपास है इनका," एवढंच म्हणाले. बाईने झाडांकडे बघून हात जोडले.

उपासाचा शब्द माझा नाही. तो नामदेवकाकांचा. लोधीखेड्याच्या रस्त्याला आमची छोटी बाग आहे, तिला लागून त्यांची मोठी. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्यांनी तो पहिल्यांदा वापरला, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या विहिरीजवळ शेकोटीला बसलो होतो आणि त्यांच्या मोबाईलवर नुकताच एक संदेश आला होता. "आपके बगीचे में पानी की कमी है. तुरंत सिंचाई करें."

काकांनी तो दोनदा वाचला. मग मोबाईल माझ्या वंदनाताईपुढे धरला. "हे कोण बोलून राहिलं व पोरी?"

"उपग्रह, काका."

"त्याले सांग, उपास आहे म्हना. मधात फराळ आनू नको."

सगळे हसले. ताईही हसली, पण जरा उशिरा. कारण त्या उपग्रहाच्या कामावर तीच होती.

त्या वर्षी दोन देशांचा करार झाला होता. टीव्हीवर दोन झेंडे, दोन सह्या, बराच वेळ चाललेलं हस्तांदोलन. समुद्रापलीकडच्या देशाने डोळा बनवला होता, तो वर नेऊन ठेवला आपल्या देशाने. डोळा पिकांचे फोटो काढणार, तिकडच्या प्रयोगशाळेतलं यंत्र ते बघून शिकणार आणि इकडच्या शेतकऱ्याला मोबाईलवर सल्ला देणार. पण यंत्राला शिकवायला कोणी तरी हवं. वरून जी बाग लाल दिसते ती खरोखर वाईट आहे का, हे खाली उभं राहून सांगणारा माणूस. नागपूरच्या एका ऑफिसाने त्यासाठी आमच्या भागातली शिकलेली मुलं घेतली. ताई बीएस्सी होऊन घरी बसली होती. उपग्रह वरून जायचा त्या दिवशी ती ठरलेल्या बागांमध्ये जायची, फोटो काढायची आणि अॅपमध्ये तीनपैकी एक खूण करायची. निरोगी, आजारी, वाळलेली.

चौथी खूण नव्हती. तहानलेली, पण मुद्दाम, असं काही नव्हतं.

वर सगळं लाल दिसत होतं. सौंसरपासून लोधीखेड्यापर्यंत बागांच्या जागी नुसते लाल ठिपके, एखादी साथ यावी तसे. आणि खाली ताई एकेका बागेत उभी राहून लिहीत होती, निरोगी. निरोगी. निरोगी.

मी त्या दिवसांत पत्रक लिहीत होते. आमच्या घरात हा रोगच आहे. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. वसतिगृहातल्या जेवणावर, मजुरीवर, जयंतीच्या मिरवणुकीचा रस्ता अडवला त्यावर. मला अक्षरओळख प्रुफांवरून झाली, शाईचा वास मला अजून घरचा वाटतो. पत्रकाने एक सवय लागते. कोणत्याही गोष्टीकडे पाहिलं की आधी विचारायचं, हे कोणाच्या बाजूचं? उत्तर मिळालं की पुढची वाक्यं आपोआप येतात. या उपग्रहाबद्दल मला उत्तर लगेच मिळालं होतं. दोन देश हात मिळवतात, आणि त्या दोन हातांच्या मध्ये आमची माती असते. आम्हाला न विचारता वरून बघणारे हे कोण? बहार कधी येणार, किती येणार, हे आधी व्यापाऱ्याला कळणार की आम्हाला? वाक्यं अशी धावत होती की पेन मागे पडत होतं.

ताईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "चांगलं हाय. वाट. माह्यी नोकरी गेली की दुसरं लिहिशील न, 'तिची नोकरी काहून घेतली' म्हनून?"

"तुझ्याविरुद्ध नाहीये ते."

"मंग कोनाविरुद्ध हाय? वर त कोनीच बसून नाई."

मी म्हणाले, व्यवस्थेविरुद्ध आहे. ताई म्हणाली, "व्यवस्था आता दोन भाकरी खाईन का तीन?"

पत्रक छापायला गेलं नाही. जाणार होतं. त्याच आठवड्यात नागपूरहून फोन आला की ताईच्या नोंदी आणि वरचे फोटो जुळत नाहीत. फोनवरचा मुलगा आमच्याच वयाचा असावा, सभ्य बोलत होता, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. त्याचं म्हणणं असं की मॅडम बागेत न जाता घरूनच सरसकट 'निरोगी' करत आहेत का, हे तपासावं लागेल. बहाराच्या सुमाराला दोन्ही देशांचे लोक व्हिडिओ कॉलवर असतील, तेव्हा मॅडमनी काय ते सांगावं. त्याआधी एक पान लिहून पाठवावं. तोवर काम बंद.

ताईने बूट काढून ठेवले, त्यांना बागेची माती होती, ती तिने तशीच राहू दिली. जेवताना एवढंच म्हणाली, "मले खोटी म्हनून राहिले."

मग पाणी सुटलं. एकेका बागेत मोटारी सुरू झाल्या. ताणातल्या मातीत पहिलं पाणी शिरतं तेव्हा ती बुडबुडे सोडते, कुजबुजल्यासारखी, आणि जो वास येतो तो मला कुठलंही अत्तर देऊ शकणार नाही. काही दिवसांनी फुलं आली. संत्र्याच्या फुलांचा वास रस्त्यावर, बसमध्ये, वाळत घातलेल्या कपड्यांत. ताई कामावर नव्हती तरी रोज मोबाईल घेऊन बागा फिरायची. ज्या ज्या बागेला तिने निरोगी म्हटलं होतं तिथे उभं राहून फुलांचे फोटो काढायची. सगळ्यांत जास्त फूल नामदेवकाकांच्या बागेला होतं. पान दिसत नव्हतं. येणारा-जाणारा थांबून बघायचा. "काय ताण घेतला बागेनं," बाबा म्हणाले. काका मिशीतल्या मिशीत हसले. ताई म्हणाली, हाच फोटो पहिला दाखवीन.

त्या फुलांकडे बघताना मी सुखात होते. ताईची नोकरी वाचणार म्हणून, आणि उपग्रह तोंडावर पडणार म्हणूनही. दोन्ही सुखं एकमेकांच्या विरुद्ध आहेत हे तेव्हा लक्षात आलं नाही. उपग्रह तोंडावर पडला तर ताईची नोकरी कशी राहणार होती?

फुलांची फळं धरायच्या आतच काकांच्या बागेने पानं टाकायला सुरुवात केली. आधी एका कोपऱ्यात, मग पसरत. बुंध्याजवळची साल सुटली, आतून डिंक गळायला लागला. डिंक्या. मुळं कुजतात, पाणी मिळालं की आणखी, आणि साल फुटते. आणि या रोगाची रीत अशी की झाड जायच्या आधी भरभरून फुलतं. हे आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण ताणाच्या दिवसांत फिकं पान दिसलं की ते ताणाचं पान. ज्याची बाग जास्त फिकी, त्याने ताण चांगला दिला, अशी त्याची वाहवा. काकांची बाग आजारी होती आणि आम्ही सगळे तिचं कौतुक करत होतो. ताईने तिला निरोगी म्हटलं होतं. उपग्रहाने लाल.

माझं डोकं इथे चालेनासं झालं. म्हणजे तो बरोबर होता? पण त्याने सगळ्यांनाच लाल म्हटलं होतं. जो प्रत्येक दारात जाऊन तुमच्या घरी कोणी तरी मरणार म्हणतो, त्याचं एका घरी खरं झालं तर त्याला कळत होतं असं म्हणायचं का? आणि ताईने सगळ्यांनाच निरोगी म्हटलं होतं. मग तिला तरी कळत होतं का? मी हे बाबांना विचारलं. बाबा चष्मा पुसत म्हणाले, "मलेही समजून नाई राहिलं."

पान लिहायचं होतं. ताईला बोलता येतं, लिहायचा कंटाळा. माझ्याकडे आलं. कागद पुढे घेतला आणि वाटलं, हे मी काय करतेय? आमच्या बापजाद्यांचं ज्ञान मी स्वच्छ हिंदीत उतरवून, समजेल अशा भाषेत, दोन देशांच्या यंत्राला नेऊन देणार. पत्रकात मी ज्याला लूट म्हटलं होतं, ते माझ्याच हस्ताक्षरात. नाही दिलं तर ताई खोटी ठरते. बाबांना म्हणाले, "आपलं ज्ञान आहे ते. असं देऊन टाकायचं?"

बाबा बाजेवर बसले होते. "आपलं म्हंजे कोनाचं?"

"आपलं. इथल्या लोकांचं."

"तुहा आजा मालकाच्या बागेत आळी करे. पानी कवा सोडाचं ते मालक ठरवे. आजाले सांगत नव्हते, त्यानंही इचारलं नाई. मले ताण नामदेवनं शिकवला, तोही बाग घेतल्यावर. माह्या बापानं नाई. म्हनून देऊन टाक असं मी म्हनत नाई. नको देऊ असंही म्हनत नाई."

पत्रकं काढणाऱ्या माणसाने असं बोलू नये असं मला वाटलं. मला त्यांच्याकडून एक ओळ हवी होती, ठळक टायपातली. त्यांनी ती दिली नाही. 'आपलं' हा शब्द मी त्या पानात तीन जागी लिहिला होता, तिन्ही जागी खोडला, आणि खोडल्यावर वाक्यं पांगळी दिसायला लागली.

तरी लिहिलं. ताण म्हणजे काय, कधी सुरू करतात, पान कसं दिसतं. ही तहान दिलेली असते, आलेली नसते. ते झाल्यावर ताई म्हणाली, "काकाच्या बागेचं लिही आता. मी निरोगी म्हटलं, ती आजारी होती."

"वेडी आहेस का? तेच तर त्यांना हवंय."

"झालं हाय न तसं."

"एवढ्या बागा तू बरोबर सांगितल्यास. एकीचं कशाला? विरोधकाच्या हातात आपणहून दगड देतात का?"

"ते विरोधक हायेत का मालक हायेत का कोन हायेत, तुलेच समजून नाई राहिलं. दगड कायचा मंग?" ती उठून उभी राहिली. "चाल, काकालेच इचारू."

जाताना मला मनातून वाटत होतं की काका नाही म्हणतील. त्यांची बदनामी होईल, परदेशात त्यांची बाग रोगट म्हणून नोंदली जाईल. काका तोडलेल्या फांद्या ओढत होते. ताईने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी तुमच्या बागेत उभी होती काका, मले दिसलं नाई."

काका म्हणाले, "मी त रोजच उभा होतो व." फांदी टाकून हात झटकले. "लिही. झाडाले काय लाज येऊन राहिली?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काहून तोंड पाडून उभी? त्या उपग्रहानं मले पानी दे म्हटलं होतं. डिंक्याच्या झाडाले पानी. त्याचंबी लिही."

ते मी लिहिलं. ते लिहिताना जरा बरं वाटलं.

कॉल आमच्या पुढच्या खोलीत झाला, कारण तिथेच नेटवर्क येतं. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर ताईने काढून ठेवलं. पडद्यावर चौकोनांत माणसं, काही आपल्याकडची, काही तिकडची. तिकडच्या बाई मोठ्या शास्त्रज्ञ असाव्यात, त्यांच्या खिडकीबाहेर अंधार होता आणि त्यांनी दोनदा जांभई दाबली. दुभाषा हिंदीत सांगत होता. माझं पान सगळ्यांनी वाचलेलं होतं. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कधी सोडायचं हे शेतकरी कसं ओळखतो?"

"पत्ते थोड़े झड़ते हैं, रंग उतर जाता है," ताई म्हणाली.

"थोडे म्हणजे किती?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. दारात उभे बाबा हळूच म्हणाले, "मातीवर हाय ते. काळ्या मातीत येगळं, मुरमाड मातीत येगळं."

ताईने तसं सांगितलं. तिकडे काही तरी टिपलं गेलं. "मग काळ्या मातीत किती?"

"अंदाज से," ताई म्हणाली.

दुभाष्याने जे भाषांतर केलं ते बरंच लांब होतं, तो काय म्हणाला देव जाणे. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काकांच्या बागेबद्दल विचारलं. फुलं कधी आली, डिंक कधी दिसला, ताईने खूण केली तेव्हा पानं नेमकी कशी होती. ताई न चुकवता सांगत गेली. शेवटी बाई म्हणाल्या की त्यांच्या दृष्टीने ही एक चुकलेली नोंद फार मोलाची आहे. तहान आणि आजार यांतला फरक यंत्राला यातूनच शिकता येईल. बाकीच्या बरोबर आलेल्या नोंदींपेक्षाही यातून.

ताई खुश झाली. मला राग आला, आणि का आला ते मी अजून सांगू शकत नाही. काकांची बाग गेली ती कोणाला तरी मोलाची वाटली म्हणून? की मी जे लपवायला निघाले होते त्यानेच ताईला वाचवलं म्हणून? त्या बाई चांगल्या होत्या. अपरात्री जागून आमच्या आळ्यांबद्दल विचारत होत्या. चांगल्या माणसावर पत्रक कसं काढायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

ताईचं काम पुन्हा सुरू झालं. पुढच्या हिवाळ्यात अॅपमध्ये चौथी खूण आली, ताण. बागा आता वरून लाल दिसत नाहीत, पिवळ्या दिसतात म्हणे. चुकीचा संदेश येत नाही. यंदा त्याहून पुढचं सुरू झालंय. ताण किती झाला, किती बाकी आहे, हेही मोबाईलच सांगतो. लोक आधी हसले, आता बघतात. चहाच्या टपरीवर एक जण दुसऱ्याला विचारतो, "तुयं पिवळं झालं का?" फूल बघायला बागेबागेत फिरणारा व्यापारी गेल्या खेपेला आमच्याकडे फिरकला नाही. त्याला वरूनच कळलं असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं त्याची तब्येत बरी नव्हती. मी दोन्ही लिहून ठेवलंय. पत्रक अजून लिहिलेलं नाही. काकांनी नवीन कलमं लावली आहेत, सकाळी त्यांच्यातून फिरतात आणि मोबाईल घरी ठेवून येतात. का, ते मी विचारलं नाही.

काल सकाळी आम्ही तिघं आमच्या बागेत होतो. बाबांनी एक पान तोडलं, बोटांत धरून पाहिलं, टाकून दिलं. दुसऱ्या झाडाचं तोडलं. मग मोटारीच्या बटणाच्या डब्याशी जाऊन उभे राहिले. "मले वाटते, झालं."

ताईने मोबाईल पाहिला. "अजून थांबा म्हनून राहिला, बाबा. आठवडाभर."

"हाव का."

ते डब्यावरून हात काढतील असं वाटलं, पण त्यांनी काढला नाही, बटणही दाबलं नाही. मोबाईलकडे त्यांनी पाहिलंच नाही, ते ताईकडे बघत होते. "तू काय म्हनतं?"

ताई पहिल्या ओळीपासून चालत गेली. मीही मागे गेले. मी पानं बघत होते, ती फिकी होती, थोडी खाली पडली होती. थोडी म्हणजे किती, हे मला आताही सांगता आलं नसतं. ती बुंध्याशी वाकत होती, सालीवर हात फिरवत होती, उठत होती. ती 'सोडा' म्हणाली तर आजची तिची नोंद पुन्हा वरच्याशी जुळणार नव्हती. पुन्हा नागपूरहून तो सभ्य आवाज. 'थांबा' म्हणाली, आणि बाबांचं खरं असलं, तर झाडं नको तेवढी वाळतील, आणि ती आमची झाडं आहेत. मला वाटलं आता ती माझ्याकडे बघेल, आणि मी घाईने मनात काही तरी जुळवायला लागले, ठाम असं.

तिने बघितलं नाही. शेवटच्या झाडापाशी ती सालीवर जरा जास्त वेळ हात ठेवून उभी राहिली. मग तिथूनच हाक मारली, "सोडा, बाबा."

मोटार सुरू झाली. पाटातून पाणी पहिल्या आळ्यात शिरलं, मातीने बुडबुडे सोडले. ताई परत आली, मोबाईल काढला, झाडाचा फोटो घेतला, आणि अॅप उघडून खूण करायला लागली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. तिने 'ताण पूर्ण' केलं. लगेच खाली एक चौकोन उघडला, तुमची नोंद उपग्रहाशी जुळत नाही, कारण लिहा.

"काय लिहू?" तिने विचारलं.

मी मनात एक वाक्य लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं. पाणी तिसऱ्या झाडापर्यंत पोचलं होतं.

"राहू दे," ताई म्हणाली, आणि त्या चौकोनात तिने आपलं नाव लिहिलं.